फ्रीडायव्हिंग : नवशिक्यांचा शारीरिक आणि मानसिक अनुभव

फ्रीडायव्हिंग म्हणजे श्वसनाचे कोणतेही उपकरण न वापरता, एकाच श्वासावर पाण्याखाली जाण्याची क्रिया व तिच्यावर आधारलेला क्रीडाप्रकार होय. मराठीत त्याचे वर्णन 'श्वास रोखून मारलेली बुडी' असे करता येईल. पाठीवर हवेची टाकी घेऊन केल्या जाणाऱ्या स्कूबा डायव्हिंगमध्ये पाणबुड्या पाण्याखाली सतत श्वास घेत असतो. फ्रीडायव्हिंगमध्ये पृष्ठभागावर घेतलेला एक श्वास परत वर येईपर्यंत पुरवावा लागतो.

नवशिक्याच्या दृष्टीने या प्रकारातील मुख्य अडचण अशी की, शरीराकडून मिळणाऱ्या सूचनांचा अर्थ त्याला नव्याने शिकावा लागतो. श्वास घेण्याची तीव्र ओढ ही ऑक्सिजन संपल्याची खूण नसते. याउलट ऑक्सिजन खरोखर कमी पडून शुद्ध हरपते, तेव्हा बहुधा कोणतीही पूर्वसूचना मिळत नाही. त्यामुळे अस्वस्थता आणि धोका या दोन भिन्न गोष्टी आहेत हे समजणे व कधीही एकट्याने बुडी न मारणे, या दोन बाबींवर प्राथमिक प्रशिक्षणाचा भर असतो.

पार्श्वभूमी

श्वास रोखून पाण्याखाली जाणे हे मुळात उदरनिर्वाहाचे साधन होते. मन्नारच्या आखातात तुतिकोरीनच्या किनाऱ्यावर मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे दोराला बांधलेल्या दगडाच्या वजनाने तळाशी जात, आणि नावेवरील साथीदार खूण मिळताच त्यांना वर ओढून घेई. जपानमधील 'आमा' या स्त्री-पाणबुड्यांपैकी काहीजणी नावेतून बुडी घेत. त्यांचा दोर सांभाळणारा पुरुष बहुधा त्यांचा पतीच असे. कोरियाच्या जेजू बेटावरील 'हेन्यो' स्त्रिया गटाने काम करतात. त्यांच्या परंपरेचा समावेश २०१६ साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. या परंपरा परस्परांपासून दूरच्या असल्या, तरी पाण्यात उतरलेल्या माणसावर दुसऱ्या कोणाचे तरी लक्ष असणे हे त्यांत समान आहे.

खेळ म्हणून या प्रकाराचा इतिहास विसाव्या शतकातील आहे. १९४९ साली इटलीचे रायमोन्डो बुचर यांनी ३० मीटर खोली गाठली. ५० मीटरच्या आसपास पाण्याच्या दाबाने माणसाची छाती चिरडली जाईल, असे त्या काळात अनेक तज्ज्ञांचे मत होते. १९६० च्या दशकात इटलीचे एन्झो मायोर्का यांनी ती खोली ओलांडली, आणि १९७६ साली फ्रान्सचे झाक मायोल यांनी एल्बा बेटाजवळ १०० मीटर खोली गाठली. मायोल यांनी योग आणि प्राणायाम यांचा अभ्यास केला होता, आणि मनःशांतीला त्यांनी या क्रीडाप्रकारात महत्त्वाचे स्थान मिळवून दिले. १९९२ साली स्थापन झालेली 'आयडा' ही आंतरराष्ट्रीय संस्था या खेळाचे विक्रम नोंदवते व प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवते.

श्वासाची ओढ

श्वास रोखल्यानंतर पेशींचे कार्य चालूच राहते. त्या ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड निर्माण करतात. मेंदूतील श्वसनकेंद्र मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या वाढत्या प्रमाणाला प्रतिसाद देते. ऑक्सिजनच्या घटीला मिळणारा प्रतिसाद त्या मानाने उशिराचा व दुर्बल असतो. म्हणून श्वास घ्यावासा वाटू लागतो, तेव्हा सामान्यतः शरीरात ऑक्सिजनचा पुरेसा साठा शिल्लक असतो.

ही ओढ टप्प्याटप्प्याने वाढते. आरंभी स्वस्थता असते. त्यानंतर घशाशी आवंढा आल्यासारखे वाटते, छातीत ऊब जाणवते आणि गिळण्याची इच्छा होते. पुढे श्वासपटल आपोआप आकुंचन पावू लागते व पोटाला उचकीसारखे धक्के बसतात. प्रशिक्षण नसलेली व्यक्ती बहुधा पहिल्या धक्क्याच्या आधीच श्वास सोडते. हे धक्के म्हणजे कार्बन डायऑक्साइड वाढल्याची केवळ सूचना होय, हे कळल्यावर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली ते एकदा अनुभवल्यावर अनेकांची श्वास रोखण्याची मुदत थोड्याच दिवसांत वाढते. या वाढीचे कारण फुप्फुसे मोठी होणे हे नसून भीती कमी होणे व स्नायू सैल राहणे हे असते.

मात्र धक्के सोसण्याची सवय ही सुरक्षिततेची हमी नव्हे. ओढ किती तीव्र आहे यावरून ऑक्सिजन किती उरला आहे याचा अंदाज बांधता येत नाही.

बुडीची प्रतिक्षिप्त क्रिया

चेहरा पाण्यात, विशेषतः थंड पाण्यात, बुडवून श्वास रोखला असता शरीरात काही बदल आपोआप घडतात. सील, देवमासा यांसारख्या सस्तन प्राण्यांत हे बदल अत्यंत ठळक असतात. माणसात ते सौम्य रूपात आढळतात. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७० साली बदकांच्या बाबतीत बुडीदरम्यान हृदयगती मंदावत असल्याची नोंद केली होती.

यांतील पहिला बदल म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणे. दुसरा बदल म्हणजे हातापायांतील रक्तवाहिन्या आकुंचित होऊन रक्तप्रवाह मेंदू व हृदय यांच्याकडे अधिक प्रमाणात वळणे. तिसरा बदल म्हणजे प्लीहेचे आकुंचन. प्लीहेत साठलेल्या तांबड्या पेशी रक्तप्रवाहात येतात व रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता काहीशी वाढते. यामुळेच काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली तिसरी किंवा चौथी बुडी पहिलीपेक्षा सोपी वाटते. आग्नेय आशियातील बजाऊ हा समुद्रावर जगणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून मासेमारी करत आला आहे. मेलिसा इलार्डो व सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंडोनेशियातील बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या सालुआन समाजातील लोकांच्या तुलनेत सुमारे ५० टक्के मोठी आढळली.

बराच वेळ पाण्यात राहिल्यावर वारंवार लघवीची भावना होणे हाही याच बदलांशी निगडित अनुभव आहे. हातापायांतील रक्त छातीकडे सरकल्यामुळे शरीरात द्रव अधिक झाल्याचा समज होतो व मूत्रपिंडे तो बाहेर टाकू लागतात. म्हणून बुड्यांच्या दिवशी पुरेसे पाणी पिणे आवश्यक असते.

पाण्याचा दाब आणि शरीरातील पोकळ्या

समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण इतका असतो. पाण्यात दर १० मीटर खोलीला त्यात सुमारे एका वातावरणाची भर पडते. बॉइलच्या नियमानुसार दाब वाढला की वायूचे आकारमान त्याच प्रमाणात घटते. पृष्ठभागावर ६ लिटर असलेली फुप्फुसांतील हवा १० मीटरवर ३ लिटर, २० मीटरवर २ लिटर आणि ३० मीटरवर दीड लिटर होते. सर्वांत मोठा बदल पहिल्या १० मीटरांतच घडतो. नवशिक्याला उथळ पाणी सोपे वाटते. प्रत्यक्षात त्याच्या कानांना सर्वाधिक काम तेथेच करावे लागते.

कान : कर्णपटलाच्या आतील मध्यकर्णात हवा असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढून कर्णपटल आत ढकलले जाते, आणि एकदोन मीटरवरच दडा बसल्यासारखे वाटते. मध्यकर्ण व घसा यांना जोडणाऱ्या युस्टेशियन नलिकेतून हवा आत ढकलून हा दाब समान करावा लागतो. नाक चिमटीत धरून छातीच्या जोराने हवा ढकलण्याच्या पद्धतीला इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञ आंतोनियो वाल्साल्वा यांचे नाव आहे. डोके खाली करून उतरताना ही पद्धत लवकर निरुपयोगी ठरते. त्याऐवजी घसा बंद ठेवून जिभेच्या मागच्या भागाने हवा वर ढकलण्याची फ्रेंझेल पद्धत शिकवली जाते. हेरमान फ्रेंझेल या जर्मन वैद्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेगाने खाली झेपावणाऱ्या विमानांच्या वैमानिकांना शिकवली जात असे. नवशिक्यांपैकी अनेकांची प्रगती श्वास अपुरा पडल्यामुळे थांबत नाही. ती कानांमुळे थांबते.

मास्क : फ्रीडायव्हिंगचा मास्क नाक झाकणारा असतो, जेणेकरून नाकावाटे थोडी हवा सोडून त्यातील दाब समान करता येतो. हे न केल्यास डोळ्यांभोवती ओढ बसून रक्त साकळते. पोहण्याच्या साध्या चष्म्यात ही सोय नसल्याने तो खोल बुडीसाठी अयोग्य ठरतो.

छाती : हवा आकुंचित होत जाते तशी छाती आवळली जाते. खोली आणखी वाढल्यावर छातीतील रक्तवाहिन्या रक्ताने भरून येतात व फुप्फुसांना आधार मिळतो. हे अनुकूलन सरावाने हळूहळू वाढते. घाईने खोली वाढवल्यास फुप्फुसांना इजा होऊन थुंकीतून रक्त येऊ शकते.

पहिल्या बुडीचा क्रम

प्राथमिक वर्गात तरंगत्या बोयाला बांधलेला दोर वजनाच्या साहाय्याने खाली सोडलेला असतो. नवशिका बोयाजवळ पालथा तरंगत स्नॉर्कलमधून एकदोन मिनिटे संथ श्वास घेतो. श्वास नेहमीच्या गतीचा असावा व उच्छ्वास किंचित लांब असावा, असे सांगितले जाते. शेवटी एक पूर्ण श्वास घेऊन, स्नॉर्कल तोंडातून काढून, तो कमरेत वाकून डोके खाली करतो.

पहिले काही मीटर सर्वांत कष्टाचे असतात. फुप्फुसांतील हवा व नीओप्रीनचा पोशाख यांमुळे शरीर वर ढकलले जाते, आणि त्याच वेळी दर मीटरला कानांकडे लक्ष द्यावे लागते. या टप्प्यावर होणारी सार्वत्रिक चूक म्हणजे मान वर करून तळाकडे पाहणे. त्यामुळे घसा ताणला जातो, कान मोकळे होत नाहीत आणि शरीराची दिशा बिघडते. दृष्टी समोरच्या दोरावर ठेवण्याची सूचना यासाठीच दिली जाते.

साधारण १० ते १५ मीटरच्या दरम्यान, पाणबुड्याच्या वजनानुसार, शरीर तरंगतही नाही आणि बुडतही नाही अशी स्थिती येते. त्याच्या पुढे शरीर आपोआप खाली जाऊ लागते. अनुभवी पाणबुडे येथे पाय हलवणे थांबवतात. अनेकजण या अवस्थेचे वर्णन अतिशय शांत असे करतात. परंतु नवशिक्याला ती अनपेक्षितपणे भेडसावू शकते, कारण परत फिरल्यावर याच ओढीच्या विरुद्ध पोहावे लागते.

वर येताना श्वासाची ओढ वाढलेली असते व पृष्ठभाग किती दूर आहे हे वर पाहून मोजण्याचा मोह होतो. तो टाळून संथ गतीने येणे श्रेयस्कर असते, कारण घाईत स्नायू अधिक ऑक्सिजन खर्च करतात. पृष्ठभागावर आल्यावर बोया धरून, हवा पूर्ण बाहेर न सोडता, थोडा उच्छ्वास व झटकन खोल श्वास असे काही वेळा करावे लागते. नव्या श्वासातील ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोहोचण्यास काही सेकंद लागत असल्याने हे पहिले श्वास महत्त्वाचे असतात.

मानसिक अनुभव

पाण्याखाली श्वास घेता येणार नाही ही जाणीव बहुतेकांत काही प्रमाणात भय निर्माण करते. भयाने हृदयगती वाढते, स्नायू ताठरतात आणि ऑक्सिजनचा खर्च वाढतो. परिणामी ओढ लवकर येते आणि भय आणखी वाढते. हे चक्र तोडण्यासाठी प्रशिक्षणात प्रथम कोरड्या जमिनीवर, नंतर तलावाच्या उथळ पाण्यात श्वास रोखण्याचा सराव घेतला जातो. उभे राहताच डोके पाण्याबाहेर येते अशा ठिकाणी धक्के अनुभवल्यामुळे त्यांची ओळख होते.

बुडीच्या वेळी लक्ष जबडा, मान, खांदे, पोट या अवयवांवर क्रमाने नेऊन ते सैल सोडण्याचा सराव दिला जातो. काळाची जाणीव बदलल्याचे अनेक नवशिके सांगतात: अर्ध्या मिनिटाची बुडी फार दीर्घ वाटते. 'आणखी किती वेळ' हा विचार प्रबळ झाला की ओढही प्रबळ होते. जोडीदारावरील विश्वास हा मनःशांतीचा मोठा आधार असतो. वर कोणी पाहत आहे याची खात्री असल्यास शरीर सैल सोडणे सोपे जाते.

दुसऱ्या बाजूला, यश मिळू लागल्यावर येणारी चढाओढ हा मानसिक धोका आहे. आदल्या दिवशीचा आकडा ओलांडण्याच्या ईर्ष्येने कानातील वेदना किंवा थकवा दुर्लक्षिला जातो. मध्येच बुडी सोडून परतणे हे अपयश मानू नये, हा संस्कार म्हणूनच पहिल्या दिवसापासून केला जातो.

शुद्ध हरपणे

फ्रीडायव्हिंगमधील सर्वांत गंभीर धोका म्हणजे ऑक्सिजनअभावी शुद्ध हरपणे. हे बहुधा वर येताना शेवटच्या काही मीटरांत किंवा पृष्ठभागावर आल्यानंतरच्या काही सेकंदांत घडते. समजा, २० मीटरवर फुप्फुसांतील हवेत ऑक्सिजन ५ टक्के उरला आहे. तेथे एकूण दाब ३ वातावरण असल्याने ऑक्सिजनचा आंशिक दाब ०.१५ वातावरण होतो आणि मेंदूचे काम चालू राहते. वर येताना एकूण दाब घटत जातो. पृष्ठभागाशी तोच ५ टक्के ऑक्सिजन केवळ ०.०५ वातावरण दाब देतो, शिवाय वाटेत त्यातील काही खर्चही झालेला असतो. हा दाब शुद्ध टिकवण्यास अपुरा ठरू शकतो. म्हणजेच तळाशी 'अजून ठीक आहे' असे वाटणे हा वरपर्यंतचा भरवसा नसतो.

बुडीपूर्वी जलद व खोल श्वास घेण्याची सवय हा धोका अनेक पटींनी वाढवते. विश्रांतीच्या स्थितीत निरोगी माणसाचे रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेलेच असते, त्यामुळे अशा श्वासांनी साठ्यात नगण्य भर पडते. मात्र कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर टाकला जातो आणि ओढ उशिरा येते. इशारा देणारी घंटाच अशा रीतीने बंद होते व ओढ येण्याआधी शुद्ध हरपू शकते. भस्त्रिका किंवा कपालभाती यांसारख्या जलद श्वसनाच्या क्रिया बुडीच्या लगेच आधी करणे याच कारणाने धोक्याचे आहे.

शुद्ध हरपलेल्या व्यक्तीचे तोंड व नाक ताबडतोब पाण्याबाहेर धरले, मास्क काढला, चेहऱ्यावर फुंकर घातली, गालावर हलके थोपटले आणि नावाने हाक मारली, तर ती बहुधा काही सेकंदांत श्वास घेऊ लागते. श्वास सुरू न झाल्यास कृत्रिम श्वास द्यावा लागतो. व्यक्ती एकटी असल्यास मात्र पुढची पायरी बुडणे हीच असते. एकाच शारीरिक घटनेचे हे दोन परिणाम केवळ शेजारी कोणी आहे की नाही यावर ठरतात.

अनुभवाने हा नियम शिथिल होत नाही. रशियाच्या नतालिया मोल्चानोवा यांनी अनेक विश्वविक्रम केले होते, आणि १०० मीटरपलीकडे स्वबळावर जाणाऱ्या त्या पहिल्या महिला होत्या. २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फॉर्मेन्तेरा बेटाजवळ, स्पर्धेव्यतिरिक्त घेतलेल्या एका बुडीतून त्या परतल्या नाहीत.

सुरक्षेचे नियम

प्राथमिक प्रशिक्षणात पुढील नियम सर्वत्र शिकवले जातात:

• एकट्याने कधीही बुडी न मारणे. हा नियम तरणतलावालाही लागू आहे.
• एकजण खाली असताना दुसऱ्याने वर राहून त्याच्यावर लक्ष ठेवणे, आणि तो परतल्यावर किमान ३० सेकंद नजर न काढणे. जोडीदारालाही बचावाचे प्रशिक्षण असणे आवश्यक आहे.
• बुडीपूर्वी जलद, खोल श्वास न घेणे.
• दोन बुड्यांमध्ये बुडीच्या किमान दुप्पट वेळ विश्रांती घेणे.
• कानात वेदना होताच थांबून परत फिरणे. सर्दी असताना बुडी न मारणे.
• शिशाची वजने मर्यादित ठेवणे व पट्टा एका हाताने चटकन सुटेल असा बांधणे.
• स्कूबा बुडीनंतर त्याच दिवशी फ्रीडायव्हिंग न करणे.

हृदयविकार, अपस्मार, दमा, कानाची शस्त्रक्रिया किंवा गर्भावस्था असल्यास वैद्यकीय सल्ल्याविना या प्रकारात उतरू नये. प्राथमिक अभ्यासक्रमांत खोलीचे उद्दिष्ट साधारणपणे १० ते २० मीटर असते.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रातील ग्रामीण भागांत विहिरीत पोहायला शिकण्याची जुनी परंपरा आहे. तळाशी बुडी मारून मूठभर माती वर आणून दाखवणे, किंवा पाण्याखाली कोण अधिक वेळ राहतो याची पैज लावणे, हे तेथील मुलांचे परिचित खेळ आहेत. शरीरशास्त्राच्या दृष्टीने या फ्रीडायव्हिंगच्याच बुड्या होत. बुडीपूर्वी भराभर श्वास घेण्याचा धोका विहिरीतही तितकाच असतो. विहिरीचे गढूळ पाणी आणि अरुंद घेर यांमुळे खाली राहिलेल्या मुलाची अवस्था काठावरून दिसत नाही. अशा पैजांत 'तो अजून टिकून आहे' असे वाटण्याचा काळ आणि त्याची शुद्ध हरपल्याचा काळ एकच असू शकतो.

प्राणायामातील कुंभक व फ्रीडायव्हिंग यांत श्वासावरील संयम हे साम्य आहे. तथापि कुंभकाच्या वेळी साधक जमिनीवर बसलेला असतो आणि शुद्ध हरपली तरी त्याचा श्वास आपोआप सुरू होतो. पाण्यात हीच गोष्ट प्राणघातक ठरते. त्यामुळे जमिनीवर साधलेली श्वास रोखण्याची मुदत पाण्यातील सुरक्षिततेचे माप मानली जात नाही.

हेही पाहा

स्कूबा डायव्हिंग
प्राणायाम
बॉइलचा नियम
पोहणे